रागावून नाही, बोलून थांबतो एचआयव्ही : पुरुषांच्या समुपदेशनात नेमकं काय होतं?

यवतमाळ : प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बाईची पहिली तपासणी होते तेव्हा रक्तगट, हिमोग्लोबिन यांच्यासोबत एचआयव्हीचीही तपासणी होते. बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्या वेळी तिचा नवरा केंद्राबाहेर गाडीवर बसलेला असतो, नाहीतर वावरात, नाहीतर कामानिमित्त परगावी. त्याचं रक्त आपोआप कुणी तपासत नाही.

याचा परिणाम असा, की घरात एचआयव्ही आलेला असेल तर कागदावर नाव आधी बाईचं लागतं. मग सासरी बोलणं सुरू होतं, "सुनेनंच आणला." नवऱ्याची तपासणी झालेलीच नसल्याने त्याच्याकडे कुणी पाहत नाही. काही घरांत बाईला माहेरी धाडलं जातं. नवरा तपासणीविना, औषधाविना राहतो आणि संसर्गाची साखळी तशीच चालू राहते.

ही साखळी तोडायची तर पुरुषांपर्यंत पोहोचावं लागतं. आणि पुरुष पोस्टर वाचून किंवा भाषण ऐकून बदलतात असा अनुभव नाही. त्यांच्याशी एकेकट्याने, गुप्तता राखून, न रागावता बोलावं लागतं. सरकारी रुग्णालयात या कामाला 'समुपदेशन' म्हणतात. शब्द जड आहे, काम मात्र अगदी साधं दिसतं : एक खोली, दोन खुर्च्या आणि वीस-पंचवीस मिनिटं.

पुण्यात काय दिसलं होतं

पुरुषांशी बोलणं का गरजेचं आहे, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, १९९३ पासून शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांची तपासणी आणि समुपदेशन सुरू केलं. त्यातून १९९७ मध्ये एक निष्कर्ष छापून आला आणि अनेकांना धक्का बसला. या दवाखान्यांत आलेल्या ज्या ३९१ बायका देहविक्रीच्या व्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातल्या १३.६ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाल्या. बहुतेक लग्न झालेल्या होत्या. त्यांचा जोखमीचा संबंध आलेला होता तो नवऱ्याशीच.

याच दवाखान्यांत तपासणी निगेटिव्ह आलेल्या पुरुषांचाही पाठपुरावा झाला. त्यांना पुन्हापुन्हा बोलावलं, दर भेटीत समुपदेशन केलं. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. देहविक्री करणाऱ्या बायकांकडे जाणाऱ्या पुरुषांचं प्रमाण पुढच्या भेटींत घटत गेलं. जे जात राहिले त्यांच्यात नेहमी निरोध वापरणारे वाढले. म्हणजे 'पुरुष काही सुधरत नाहीत' हा समज खरा नव्हता. त्यांच्याशी नीट कुणी बोललंच नव्हतं.

उपदेश वेगळा, समुपदेशन वेगळं

"बाहेर जाऊ नका, निरोध वापरा, एकनिष्ठ राहा." हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. ऐकणारा मान हलवतो आणि निघून जातो. त्याच्या आयुष्यात नेमकी अडचण कुठे आहे, हे सांगणाऱ्याला कळत नाही. कधीकधी त्या माणसालाही कळत नाही.

समुपदेशनात आधी प्रश्न असतात. उदाहरणादाखल, वणीकडे कोळशाच्या फेऱ्या मारणारा एक ट्रकचालक समोर बसला आहे असं समजू. बोलणं साधारण असं होतं :

"भाऊ, निरोध माहीत आहे ना?"

"हो मॅडम, माहीत आहे नं."

"मग मागच्या वेळी वापरला होता का?"

"नाही."

"काय झालं होतं तेव्हा?"

"रात झाली होती. थोडी घेतली होती. जवळ नव्हता."

इथे खरी गोष्ट बाहेर आली. या माणसाला माहिती कमी नाही. दारू घेतल्यावर त्याला भान राहत नाही आणि निरोध हाताशी नसतो. त्याला एड्सचं व्याख्यान देऊन उपयोग नाही. मग समुपदेशक त्यालाच विचारतो, की पुढच्या फेरीआधी यातलं काय बदलता येईल? तो म्हणतो, "बॅगेत ठेवून देतो." समुपदेशक सांगतो, की ठेवा, पण डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, तापून खराब होतो. मुदतीची तारीख पाहा. दारू घेण्याच्या आधीच पाकीट खिशात असू द्या. आणि पुढच्या वेळी जमलं की नाही, ते येऊन सांगा.

एका भेटीत एकच पाऊल, तेही त्याने स्वतः निवडलेलं आणि त्याच्याच्याने होण्यासारखं. पुढच्या भेटीत त्याच पावलाबद्दल आधी विचारायचं. जमलं नसेल तर रागवायचं नाही, का जमलं नाही ते पाहायचं.

वीस मिनिटांचा फरक

पुरुष तोंडाने "वापरतो" म्हणतात, ते खरं कशावरून, अशी शंका कुणालाही येईल. ती संशोधकांनाही आली होती. म्हणून अमेरिकेतल्या पाच सरकारी दवाखान्यांत ५,७५८ स्त्री-पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात लोक काय सांगतात याच्यासोबत त्यांना नवे गुप्तरोग किती झाले, हे प्रयोगशाळेत मोजलं.

एका गटाला पाच-पाच मिनिटांच्या नेहमीच्या सूचना दिल्या. दुसऱ्या गटाशी वीस-वीस मिनिटं दोनदा बोलणं झालं, वर सांगितल्यासारखं, त्या माणसाच्या अडचणीवरून एक पाऊल ठरवणारं. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात नवे गुप्तरोग सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. वर्षानंतर हा फरक सुमारे २० टक्के उरला.

पण समुपदेशन हा जादूचा मंत्र नाही, हेही पुढच्या अभ्यासांनी दाखवलं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या ४,२९५ पुरुषांवर अमेरिकेतल्या सहा शहरांत अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. त्यांच्याशी दहा वेळा एकेकट्याने बोलणं झालं. सुरुवातीला नव्या संसर्गात फरक दिसला, नंतर तो ओसरत गेला. २०१३ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात तपासणीच्या वेळी एकदाच थोडक्यात समुपदेशन केलं होतं. त्याने पुढच्या सहा महिन्यांत गुप्तरोग कमी झाले नाहीत.

या सगळ्याचा एकत्र अर्थ असा निघतो. तपासणीसोबत एकदा घाईघाईत दिलेली समज पुरत नाही. बोलणं त्या माणसाच्या परिस्थितीवर हवं, पुन्हापुन्हा हवं आणि त्याला तपासणी, निरोध आणि औषधाची जोड हवी.

"कमजोरी"च्या दारातून

ग्रामीण भागातला पुरुष "माझी एचआयव्ही तपासणी करा" म्हणून सहसा येत नाही. त्याची तक्रार वेगळी असते. धातू जाते, कमजोरी वाटते, लघवीला जळजळ होते, जागेवर फोड आला आहे. ही तक्रार घेऊन तो आधी मेडिकलवर जातो, नाहीतर बाजारातल्या गुप्तरोगाच्या तंबूत. तिथे पैसे जातात आणि खरा आजार अंगावर काढला जातो. उपचार न केलेला गुप्तरोग असला की एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो.

मुंबईच्या गरीब वस्त्यांत २००० नंतरच्या दशकात 'रिश्ता' नावाच्या संशोधन प्रकल्पाने हीच तक्रार बोलण्याचं दार म्हणून वापरली. पुरुष 'गुप्तरोग' म्हणून जे सांगतात, ते हसण्यावारी न नेता ऐकायचं. कधीपासून, कशामुळे वाटतं, घरी बायकोशी बोलणं आहे का, दारू किती, बाहेर संबंध आहे का, असं हळूहळू त्याच्या गोष्टीतून पुढे जायचं. अशा वस्त्यांत पुरुष ज्या वैद्यांकडे आणि डॉक्टरांकडे आधी जातात, त्यांनाही हे शिकवलं गेलं.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा धडा कामाचा आहे. "धातू जाते" म्हणणाऱ्याला "काही नाही होत, जा" म्हटलं की तो परत येत नाही. त्याच्याशी दहा मिनिटं बोललं तर तो तपासणीलाही तयार होतो. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगावर उपचार मोफत आहेत आणि तिथूनच एचआयव्ही तपासणीसाठी पाठवलं जातं.

कुणाशी कुठे बोलायचं

आपल्या जिल्ह्यात पुरुष एका जागी सापडत नाहीत. नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक असतात. वणी भागात कोळशाच्या खाणी आणि वाहतूक आहे. दिग्रस, पुसद, महागाव, उमरखेडकडचे अनेक जण हंगाम संपला की कामासाठी पुणे, मुंबई, हैदराबादकडे जातात आणि सणाला परततात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर या गटांकडे वेगळं लक्ष दिलं जातं ते यामुळेच. महिनोन्महिने घरापासून दूर राहणं हे त्यातलं कारण आहे. जात, तांडा किंवा गाव हे कारण नाही. ट्रकचालक म्हणजे पॉझिटिव्ह असं समजणं चुकीचं आणि अन्यायाचं आहे.

रुग्णालय सकाळी उघडतं आणि दुपारी ओपीडी संपते. मजूर त्या वेळी कामावर असतो. म्हणून ढाब्यावर, ट्रक उभे राहतात तिथे, जिनिंगच्या आवारात, आठवडी बाजारात तपासणी शिबिर लावलं तर पुरुष येतात. बाहेरगावी गेलेल्यांसाठी सणाचे दिवस ही संधी असते. गावात परतल्यावर पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीने आणि आरोग्य केंद्राने मिळून शिबिर घेतलं, त्यात साखर, बीपी, हिमोग्लोबिनसोबत एचआयव्ही तपासणी ठेवली, तर कुणावर शिक्का बसत नाही.

तरुण पोरांसाठी गटात बोलण्याची पद्धत जास्त चालते. मुंबईत 'कोरो' आणि 'पॉप्युलेशन कौन्सिल' या संस्थांनी 'यारी दोस्ती' नावाचा कार्यक्रम केला, त्याचं साहित्य २००६ मध्ये आलं. मित्रांच्या घोळक्यात मर्द कुणाला म्हणायचं, बायकोवर हात उगारणं बरोबर का, नकार म्हणजे काय, निरोध मागायला लाज का वाटते, अशा विषयांवर खेळ आणि चर्चा घेतल्या गेल्या. पोरांच्या वागण्यात आणि विचारांत चांगला फरक नोंदला गेला. क्रिकेटच्या टीममध्ये, व्यायामशाळेत, गणेश मंडळात अशी बैठक घेणं अवघड नाही.

आणखी एक गट गावात डोळ्यांना दिसत नाही. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष इथेही आहेत, त्यातल्या अनेकांची लग्नं झालेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं, पण गावातली भीती गेलेली नाही. म्हणून चांगला समुपदेशक "बाहेर बाईकडे जाता का?" असं विचारत नाही. "संबंध कुणाशी येतो, बाईशी, पुरुषाशी की दोघांशी?" असं सरळ विचारतो. प्रश्नच अर्धा असेल तर उत्तरही अर्धंच मिळतं.

पॉझिटिव्ह आला तर

तपासणीच्या आधी संमती घेतली जाते. पॉझिटिव्ह रिपोर्ट देण्यापूर्वी वेगवेगळ्या तीन किटवर खात्री केली जाते. नंतर समुपदेशक रिपोर्ट हातात देऊन मोकळा होत नाही. त्या माणसाला बसवून घेतो. पहिल्या दिवशी कानात काही शिरत नाही, हे त्याला माहीत असतं. म्हणून मोजक्याच गोष्टी सांगितल्या जातात : औषध आहे, ते मोफत आहे, उद्या एआरटी केंद्रात जायचं आहे, घरी काय आणि कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू.

भारतात मोफत एआरटी औषधं २००४ पासून मिळतात. २०१७ पासून नियम असा आहे, की निदान झालेल्या प्रत्येकाला आजार वाढण्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. बहुतेकांना रोज एक गोळी पुरते.

ही गोळी घेणाऱ्याचा जीव तर वाचवतेच, शिवाय त्याच्या जोडीदारालाही वाचवते. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक अभ्यास झाला, त्यात पुण्याची जोडपीही होती. एक जण पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह अशी ही जोडपी होती. औषध लवकर सुरू केल्यावर जोडीदाराला संसर्ग होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं, हे २०११ मध्ये समोर आलं. पुढे युरोपातल्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केलं : नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

पुरुषांच्या समुपदेशनात ही माहिती फार मोलाची ठरते. "तुझ्यामुळे बायकोला होईल" या भीतीने माणूस लपतो. "तू गोळी घेतलीस तर बायको सुरक्षित राहील" हे कळलं की तो उपचाराला येतो. अट मात्र एकच, गोळी चुकवायची नाही आणि व्हायरल लोडची तपासणी वेळेवर करायची. बरं वाटतं म्हणून औषध सोडलं तर विषाणू पुन्हा वाढतो. निरोधची गरजही संपत नाही, कारण इतर गुप्तरोग आहेतच. कामासाठी परजिल्ह्यात किंवा परराज्यात जाणाऱ्याने निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगावं, तिकडच्या केंद्रातून औषध घेण्याची सोय लावून दिली जाते.

बायकोला कसं सांगायचं

सगळ्यात अवघड बोलणं हेच. समुपदेशक नवऱ्याला घाई करत नाही, पण विषय सोडूनही देत नाही. घरी कोण आहे, भांडण होईल का, आधी कुणाला सोबत घ्यायचं, हे ठरवतो. अनेकदा नवरा-बायकोला एकत्र बसवून, दोघांच्या संमतीने, त्याच खोलीत सांगितलं जातं. कोण आधी पॉझिटिव्ह झालं, हे रक्ताच्या तपासणीवरून सांगता येत नाही. हे एक वाक्य समुपदेशकाच्या तोंडून घरच्यांनी ऐकलं, तरी सुनेवरचा आळ पुष्कळ कमी होतो.

म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीलाच नवऱ्याला सोबत आणणं सोयीचं. आशाताई आणि सिस्टर घरी निरोप देतात, तेव्हा "दोघंही या" एवढं म्हटलं तरी पुरे. तपासणी दोघांची, समुपदेशन दोघांचं. दोघं निगेटिव्ह असतील तर तसं राहण्याबद्दल बोलता येतं. एक पॉझिटिव्ह असेल तर दुसऱ्याला वाचवता येतं.

गुप्तता हा हक्क आहे

"गावात कळेल" ही पुरुषांची पहिली भीती. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. संसर्ग माहीत असलेल्यानेही इतरांना तो होऊ नये याची काळजी घ्यायची आहे, असं हाच कायदा सांगतो.

आपल्या आरोग्य केंद्रात ओळखीचे लोक आहेत म्हणून कुणाला संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या तालुक्याच्या केंद्रात तपासणी करून घेता येते. गावच्याच केंद्रात जायला पाहिजे अशी सक्ती नाही.

कुठे जायचं, काय लक्षात ठेवायचं

• यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात तपासणी, समुपदेशन आणि एआरटी उपचार होतात. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत 'आयसीटीसी', म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र कुठे आहे ते विचारावं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही पहिली तपासणी होते.

• तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत आहेत. निरोधही सरकारी केंद्रात मोफत मिळतो.

• जोखमीच्या संबंधानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

• जोखमीचा प्रसंग नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी डॉक्टरांना भेटावं. संसर्ग टाळणारं २८ दिवसांचं औषध द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतात. जितक्या लवकर, तितकं बरं.

• टीबीचं निदान झालेल्या प्रत्येकाने एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी.

• सोबत जेवल्याने, हात मिळवल्याने, एका घरात राहिल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही.

• नाव न सांगता फोनवर विचारायचं असेल तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.